राजनिष्ठेचे कागद आणि त्यांचें मोल
(पहिल्या महायुद्धांतील ऑस्ट्रियाचे यहुदी : एक ग्रंथपरीक्षण)

१

ज्या कागदांत राजनिष्ठेचा उच्चार वारंवार येतो ते कागद जपून वाचावे लागतात, हें जुन्या दफ्तरांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सेवेसी लिहिलेली विनंति, दरबारीं गुजरलेली कैफियत, परकी अंमलांत साहेबांपुढें वाचलेलें मानपत्र, या सर्वांत निष्ठेची ग्वाही असते. परंतु ती ग्वाही अंतःकरणाची कीं गरजेची, हें केवळ त्या कागदावरून ठरवूं गेल्यास फसगत होते. हाच प्रश्न युरोपांतील एका नामशेष झालेल्या साम्राज्याच्या संबंधानें ज्या ग्रंथांत पानोपानीं उभा राहतो, त्याचें परीक्षण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील मेरीलंड विद्यापीठांत यहुद्यांच्या इतिहासाचें अध्यापन केलेल्या विदुषी मार्शा रोझेनब्लिट यांचा हा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें इ. स. २००१ मध्यें प्रसिद्ध केला. 'राष्ट्रीय स्वत्वाची पुनर्रचना : पहिल्या महायुद्धांतील हॅब्सबर्ग ऑस्ट्रियाचे यहुदी' असें त्याच्या नांवाचें मराठींत रूपांतर करतां येईल. व्हिएन्ना शहरांतील यहुद्यांवरचा त्यांचा पूर्वीचा ग्रंथ १९८३ सालीं निघाला होता. त्याची मर्यादा १८६७ पासून १९१४ पर्यंत होती. प्रस्तुत ग्रंथ तेथून पुढें सरकून युद्धाचा काळ व साम्राज्याचा शेवट यांचा विचार करतो.

ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त थोडक्यांत असा : ऑस्ट्रियाच्या यहुद्यांचें स्वत्व तिपेडी होतें. राज्यानें ते ऑस्ट्रियन, भाषेनें व विद्येनें जर्मन, चेक अथवा पोल, आणि कुळानें व समाजानें यहुदी. हे तीन पेड एकमेकांस कांचत नव्हते, कारण ज्या राज्यांत ते राहत होते तें राज्य कोणा एका राष्ट्राचें नव्हतें. सबब युद्धांत त्यांनीं दाखविलेली राजनिष्ठा हें केवळ उपकाराचें उतराई होणें नव्हतें. आपलें यहुदीपण ज्या छत्राखालीं निर्वेध राहूं शकतें त्या छत्राचें तें रक्षण होतें. १९१८ सालीं छत्र मोडलें तेव्हां त्यांच्यापुढें कोणत्या राजाशीं निष्ठ राहावें याहून मोठा प्रश्न उभा राहिला, आणि तो म्हणजे आपण कोण.

हा सिद्धान्त आम्हांस ग्राह्य वाटतो. परंतु तो ज्या पुराव्यावर उभा केला आहे त्याची प्रतवारी पुरेशी झालेली नाहीं, आणि ती केली असतां सिद्धान्ताचें खरें बळ विदुषींनीं दाखविलें त्याहून निराळ्या जागीं सांपडतें, असें आमचें मत आहे. तें पुढें क्रमानें मांडतों.

२

प्रथम राज्याची घडण. १८६७ च्या तडजोडीनें हॅब्सबर्ग राज्याचे ऑस्ट्रिया व हंगेरी असे दोन भाग झाले. राजा एक, मुख्य सैन्य एक, परराष्ट्रकारभार एक. घरचा बहुतेक कारभार निराळा. ऑस्ट्रियाच्या भागांत जर्मन, चेक, पोल, रुथेनियन म्हणजे आजचे युक्रेनियन, स्लोव्हेन, इटालियन, रुमानियन, क्रोएट असे अनेक लोक होते आणि कोणा एकाचेंहि बहुमत नव्हतें. २१ डिसेंबर १८६७ च्या मूलभूत कायद्यानें सर्व नागरिकांस समान हक्क दिले. यहुदीहि त्यांत आले. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमानें प्रत्येक राष्ट्रजातीस आपली भाषा व आपलेपण जतन करण्याचा हक्क दिला. त्यांत मात्र यहुदी आले नाहींत. कायद्याच्या दृष्टीनें तो एक धर्मसमाज होता, राष्ट्रजाति नव्हे. १९०९ सालीं साम्राज्याच्या न्यायालयानें तसा निकालच दिला.

१९१० च्या खानेसुमारींत या भागांत १३,१३,६८७ यहुदी मोजले गेले. पैकीं सुमारे ८,७२,००० म्हणजे दोनतृतीयांश एकट्या गॅलिशियांत, सुमारे १,०३,००० बुकोव्हिनांत, १,७५,३१८ व्हिएन्ना शहरांत आणि सुमारे सव्वा लाख बोहेमिया व मोरेव्हिया प्रांतांत होते. खानेसुमारींत प्रत्येकास नित्याच्या व्यवहाराची भाषा विचारीत. गॅलिशियांतील बहुसंख्य यहुद्यांच्या घरांत यिडिश बोलली जाई. परंतु सरकारी यादींत यिडिश नव्हती. सबब त्यांतील बहुतेकांची नोंद पोलिश भाषेखालीं झाली व तेवढ्यानें पोल लोकांचा आंकडा फुगला. बोहेमियांत जर्मन व चेक यांचा एकेका गांवच्या शाळेसाठीं तंटा चालला होता. त्यांत यहुद्याचें मूल कोणत्या शाळेंत जातें यावरून त्याच्या बापाची परीक्षा होई. जर्मन शाळेंत घातलें तर चेकांचा शत्रु. चेक शाळेंत घातलें तर जर्मनांशीं कृतघ्न.

या ओढाताणींतून वाट काढण्याचा मार्ग गॅलिशियांत जन्मलेले व व्हिएन्नांत नांवारूपास आलेले धर्मोपदेशक, पत्रकार व लोकसभासद योसेफ सॅम्युएल ब्लॉख यांनीं १८८६ सालींच दाखविला होता. त्यांचें प्रतिपादन असें कीं यहुद्यांनीं जर्मन किंवा स्लाव्ह यांपैकीं कोणाचाहि पक्ष न घेतां केवळ ऑस्ट्रियन म्हणून राहावें. कारण ऑस्ट्रियन असें एखादें राष्ट्र निर्माण करावयाचेंच झालें तर त्याचा पाया यहुदीच ठरतील. पुढें झायनवादी मंडळींनीं ब्लॉख यांच्या पुष्कळ मतांचा विरोध केला, तरी राज्याविषयींच्या या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचें ऐक्य राहिलें. जर्मन विद्येचे अभिमानी, झायनवादी आणि जुन्या वळणाचे धर्मनिष्ठ, हे तिघेहि बादशहा फ्रांत्स योझेफच्या नांवावर कसे एकत्र येत, याचें विवेचन रोझेनब्लिट यांनीं उत्तम केलें आहे. तो ग्रंथाचा सर्वांत भक्कम भाग होय.

सैन्याची गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे. योझेफ दुसरा याच्या अमदानींत १७८८ सालीं यहुद्यांची लष्करभरती सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं या साम्राज्याच्या राखीव अधिकाऱ्यांत सुमारे सहांत एक यहुदी होता. लोकसंख्येंत त्यांचें प्रमाण शेंकडा पांचांहूनहि कमी होतें. याच्या उलट शेजारच्या प्रशियांत १८८५ नंतर धर्मांतर न केलेल्या एकाहि यहुद्यास राखीव अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला नव्हता. दोन जर्मनभाषी दरबारांतील हा फरक युद्धापूर्वींचा आहे, आणि राजनिष्ठेच्या कोणत्याहि मानपत्रापेक्षां तो अधिक बोलका आहे.

३

२८ जुलै १९१४ रोजीं बादशहानें जो जाहीरनामा काढला त्याचा मथळा 'माझ्या लोकांना' असा असून त्यांतील 'लोक' हा शब्द अनेकवचनी, म्हणजे अनेक लोकसमाजांस उद्देशून आहे. त्यानंतर आठवड्याभरांत जर्मन कैसरनें आपल्या प्रजेस सांगितलें कीं आपल्याला आतां पक्ष दिसत नाहींत, केवळ जर्मन दिसतात. एका राजाच्या तोंडीं अनेक लोक, दुसऱ्याच्या तोंडीं एकच. ऑस्ट्रियाच्या यहुद्यास पहिल्या हाकेला ओ देतांना आपलें यहुदीपण बाजूस ठेवावें लागत नव्हतें.

शिवाय मुख्य शत्रु रशिया होता. १९०३ सालीं किशिनेव्ह येथें झालेली कत्तल सर्वांच्या स्मरणांत ताजी होती. झारच्या राज्यांतील यहुद्यांस नेमून दिलेल्या प्रांतांबाहेर वस्ती करण्याची मनाई होती. सबब बादशहाचें युद्ध व धर्मबांधवांच्या सुटकेचें युद्ध हीं एकच झालीं. सुमारे तीन लाख यहुदी साम्राज्याच्या दोन्ही भागांतून सैन्यांत गेले. त्यांच्यासाठीं सैन्यांत स्वतंत्र धर्मोपदेशक नेमलेले होते.

लढाईचा पहिला तडाखाहि यहुद्यांच्याच वस्तीवर पडला. ऑगस्ट १९१४ मध्यें सरहद्दीवरच्या ब्रोडी गांवांत जाळपोळ झाली. ३ सप्टेंबरला गॅलिशियाची राजधानी लेंबर्ग रशियनांच्या हातीं पडली आणि २२ जून १९१५ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. बुकोव्हिनाची राजधानी चेर्नोविट्झ तर युद्धांत तीनदां रशियनांनीं घेतली. हेरगिरीचा आळ, ओलीस धरणें, हद्दपारी, लूट या प्रकारांनीं त्रासलेलीं माणसें लाखोंनीं पश्चिमेकडे पळालीं. १९१५ च्या शरदऋतूंत एकट्या व्हिएन्नांत सरकारी मदतीवर जगणाऱ्या निर्वासितांपैकीं सुमारे ७७,००० यहुदी होते.

या निर्वासितांच्या शुश्रूषेचें प्रकरण ग्रंथांत विशेष वाचनीय उतरलें आहे. व्हिएन्नाच्या यहुदी स्त्रियांनीं उघडलेलीं स्वयंपाकघरें, कामशाळा, बाळंतिणींच्या व मुलांच्या सोयी, आणि त्यांत अनिता म्युलर या बाईंनीं घेतलेला पुढाकार, यांचें वर्णन करून विदुषी असें दाखवितात कीं या बायांस आपण एकाच वेळीं देशकार्य व समाजकार्य करीत आहों असें वाटे. निर्वासित हे बादशहाचे प्रजाजन, म्हणून त्यांस मदत करणें हें देशकार्य. ते यहुदी, म्हणून तें समाजकार्य. परंतु त्याच प्रकरणांत एक कडू घोंटहि आहे. काळा डगला, लांब दाढी व यिडिश बोली घेऊन आलेले हे पूर्वेकडील भाऊबंद व्हिएन्नाच्या सुशिक्षित यहुद्यास थोडे लाजविणारे वाटत. अन्नाचा तुटवडा वाढला तसतसें शहरांतील यहुदीद्वेष्ट्यांनीं साठेबाजीचा व नफेबाजीचा दोष यांच्याच माथीं मारण्यास आरंभ केला. ३० मे १९१७ रोजीं लोकसभा पुन्हां भरली तेव्हां ही ओरड सभागृहांत उघडपणें होऊं लागली.

४

आतां पुराव्याकडे वळूं. प्रस्तुत ग्रंथांत वापरलेलीं साधनें आमच्या मतें तीन जातींचीं आहेत. पहिली जात युद्धकाळांत छापलेल्या मजकुराची : यहुदी वृत्तपत्रें, देवळांतील प्रवचनें, संस्थांचीं निवेदनें. दुसरी जात कृतींच्या नोंदींची : मदतकार्याचे हिशेब, सरकारी पत्रव्यवहार, संस्थांचीं दफ्तरें. तिसरी जात आठवणींची. यांतील पुष्कळशा आठवणी पुढें न्यूयॉर्क येथील लिओ बेक संस्थेंत जमा झालेल्या आहेत. विदुषींनीं या तिन्हींचे धागे एकत्र विणून सलग पट तयार केला आहे. पट सुबक आहे. परंतु कोणता धागा किती वजन पेलूं शकतो हें वाचकास कळत नाहीं.

पहिल्या जातीचें मोल कमी धरावें लागतें, आणि त्याचें कारण केवळ सरकारी तपासनीसाची कात्री एवढेंच नाहीं. व्हिएन्ना येथें 'यहुदी युद्ध-दफ्तर' या नांवाच्या मंडळानें १९१५ ते १९१७ या काळांत आपलीं पत्रकें प्रसिद्ध केलीं. आपल्या समाजानें युद्धांत काय केलें व काय सोसलें याचे कागद युद्ध चालू असतांनाच गोळा करून ठेवावे, हा त्यांचा उद्देश. संग्राहकाच्या दृष्टीनें ही दूरदृष्टि वाखाणण्यासारखी आहे. पण ज्या समाजाला लढाई संपण्यापूर्वींच आपल्या निष्ठेचें दफ्तर बांधावेंसें वाटतें, त्याला त्या निष्ठेवर कोणी विश्वास ठेवील अशी खात्री नाहीं, हेंहि त्यावरून सिद्ध होतें. अशा दफ्तरांत काय ठेवलें गेलें यापेक्षां काय वगळलें गेलें असेल याचा विचार आधीं करावा लागतो.

तिसऱ्या जातीविषयीं तर आमचा आक्षेप अधिक ठाम आहे. आठवणी लिहिणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं त्या १९३८ नंतरच्या परागंदा स्थितींत, कांहींनीं सर्व कुटुंब नष्ट झाल्यावर लिहिल्या. हिटलरशाहीच्या पलीकडून मागें पाहतांना म्हाताऱ्या बादशहाचें राज्य रामराज्य दिसलें तर नवल नाहीं. राजवाडे यांनीं १८९८ च्या पहिल्या खंडापासून बखर व अस्सल पत्र यांतील जो भेद महाराष्ट्रास शिकविला, तोच येथें लागू पडतो. आठवण ही बखर आहे. ती टाकून द्यावयाची नाहीं, परंतु ती ज्या काळाविषयीं बोलते त्यापेक्षां ज्या काळीं लिहिली गेली त्याची साक्ष ती अधिक देते.

याचें एक ठळक उदाहरण देतों. प्रसिद्ध ग्रंथकार श्टेफान त्स्वाइग हे व्हिएन्नाचे यहुदी. हस्तलिखितांचे संग्राहक म्हणून त्यांचें नांव आमच्या वाचकांस विशेष परिचित असेल. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग १९८६ सालीं त्यांच्या वारसांनीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीस दिला. युद्धांत ते व्हिएन्नाच्या युद्ध-दफ्तरखान्यांत कामास होते, आणि १९१५ च्या जुलैंत रशियनांनीं गॅलिशियांत लावलेले जाहीरनामे व हुकूम मुळांत मिळवून आणण्यासाठीं त्यांस तिकडे पाठविण्यांत आलें. त्यांचें आत्मवृत्त १९४२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालें. त्यांत आपण १९१४ च्या युद्धज्वरापासून अगदीं आरंभापासून अलिप्त होतों असा सूर आहे. परंतु त्याच महिन्यांतील त्यांचे वृत्तपत्रीय लेख व १९८४ सालीं छापली गेलेली त्यांची रोजनिशी निराळें सांगतात : तेहि इतरांसारखेच भारावलेले होते. येथें आठवणीनें राजनिष्ठा झांकली आहे, इतर कित्येकांच्या आठवणींनीं ती उजळविली आहे. दोन्हीकडे लेखणी धरणारा हात मागाहूनचा आहे. कागद पारखण्यांत ज्यांची हयात गेली त्यांच्याहि आठवणीची ही गत, तर इतरांची काय कथा?

मग निष्ठेचा अस्सल पुरावा कोठें शोधावा? आमच्या मतें दोन ठिकाणीं : जेथें निष्ठेपासून कांहीं मिळण्याची आशा उरलेली नव्हती तेथें, आणि शत्रुपक्षाकडून आलेल्या साक्षींत. दुसऱ्या प्रकारची साक्ष अन्स्की यांची आहे. हे रशियाचे यहुदी प्रजाजन. मदतकार्यासाठीं रशियन सैन्याच्या मागोमाग गॅलिशियांत हिंडले आणि तेथील विध्वंसाचा वृत्तान्त त्यांनीं यिडिशमध्यें लिहिला. व्हिएन्नाच्या दरबारास खूष करण्याचें त्यांस कांहींच कारण नव्हतें. गॅलिशियांतील सामान्य यहुद्याच्या मनांत बादशहाचें स्थान काय होतें हें पाहावयाचें तर व्हिएन्नांतील शंभर अग्रलेखांपेक्षां या एका वृत्तान्ताचें मोल अधिक.

पहिल्या प्रकारची परीक्षा घटनाक्रमानेंच घेतली आहे. मे १९१५ मध्यें इटलीनें ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलें. इटलींत यहुद्यांचा छळ नव्हता. लुइजी लुझ्झाटी हे यहुदी गृहस्थ १९१० ते १९११ या काळांत तेथें मुख्य प्रधान होते. पुढें मार्च १९१७ मध्यें झार पदच्युत झाला आणि एप्रिलच्या आरंभीं नव्या रशियन सरकारनें यहुद्यांवरील सर्व निर्बंध उठविले. झारचा द्वेष हाच जर निष्ठेचा आधार असता, तर या दिवसानंतर ती ओसरावयास हवी होती. युद्धाला यहुदी कारणच उरलें नव्हतें. घरीं उपासमार, लोकसभेंत शिव्याशाप, आणि शत्रूच्या राज्यांत धर्मबांधव मुक्त. तरीहि ऑस्ट्रियाचे यहुदी साम्राज्याचें विभाजन मागणाऱ्यांच्या गटांत गेले नाहींत. झायनवाद्यांची मागणीहि साम्राज्य मोडण्याची नसून, त्याचें राष्ट्रजातींच्या संघांत रूपांतर व्हावें व त्यांत यहुद्यांस स्थान मिळावें, अशी होती. रोझेनब्लिट यांनीं हीं वर्षें तपशिलानें वर्णिलीं आहेत. सिद्धान्ताचा मध्यखांब १९१४ च्या जयघोषांत नसून या १९१७ च्या निमूटपणांत आहे, ही गोष्ट त्यांनीं ठसठशीतपणें मांडावयास हवी होती.

शेजारच्या जर्मनीशीं केलेली तुलना येथें फार उपयोगी पडली असती. ऑक्टोबर १९१६ मध्यें प्रशियाच्या युद्धमंत्र्यानें सैन्यांतील यहुद्यांची शिरगणती करण्याचा हुकूम काढला. यहुदी आघाडी टाळतात असा आरोप तपासण्याचें निमित्त होतें. गणती झाली, पण तिचा निकाल युद्धकाळांत प्रसिद्ध केला गेला नाहीं. सुमारे एक लाख जर्मन यहुदी सैन्यांत होते व सुमारे बारा हजार पडले, हें पुढें यहुद्यांनीं स्वतःच मोजून दाखविलें. ऑस्ट्रियाच्या सैन्यानें अशी गणती कधींच केली नाहीं. जेथें निष्ठेचा हिशेब मागितला गेला नाहीं तेथें ती अखेरपर्यंत टिकली, ही गोष्ट आजच्या राज्यकर्त्यांनींहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

५

१९१८ च्या शरदांत साम्राज्य मोडलें आणि सिद्धान्ताची शेवटची कसोटी लागली. १ नोव्हेंबरला लेंबर्ग शहरासाठीं पोल व युक्रेनियन यांत लढाई जुंपली. तेथील यहुद्यांनीं आपण तटस्थ असल्याचें जाहीर केलें व आपल्या वस्तीच्या रक्षणापुरतें एक पथक उभें केलें. तिसऱ्या आठवड्यांत शहर पोल लोकांच्या हातीं आलें, आणि २२ पासून २४ नोव्हेंबरपर्यंत यहुदी वस्तींत लुटालूट, आगी व सुमारे सत्तर माणसांची हत्या झाली. तटस्थता हाच अपराध ठरला. साम्राज्यांत जी वृत्ति निष्ठा म्हणून गौरविली गेली, तीच राष्ट्रराज्याच्या पहिल्या महिन्यांत द्रोह ठरली. माणसें तींच, वृत्ति तीच, फक्त राज्य बदललें होतें.

व्हिएन्नांत रक्तपात झाला नाहीं, पण कागदानें तेंच काम केलें. सप्टेंबर १९१९ च्या सँ-जेर्में तहाच्या ८० व्या कलमांत नागरिकत्व निवडण्याचा हक्क समान भाषा व वंश असणाऱ्यांस दिला होता. १९२१ सालीं ऑस्ट्रियाच्या गृहमंत्रिपदीं लेओपोल्ड वाबर हे होते. त्यांनीं 'वंश' या शब्दावर बोट ठेवून जर्मनभाषी गॅलिशियन यहुद्यांचे अर्ज फेटाळण्याचें धोरण धरलें. ज्यांनीं सहा वर्षांपूर्वीं याच राज्यासाठीं घरदार गमावलें, त्यांस व्हिएन्ना परकी ठरवून मोकळी झाली.

प्रागमध्यें मात्र निराळें घडलें. २८ ऑक्टोबर १९१८ रोजींच तेथील यहुदी राष्ट्रमंडळानें चेक राष्ट्रीय समितीस आपलें निवेदन दिलें. ग्रंथकार मॅक्स ब्रॉड त्या मंडळांत प्रमुख होते. नव्या चेकोस्लोव्हाकियानें यहुदी ही राष्ट्रजाति म्हणून लिहविण्याची मुभा दिली. १९२१ च्या खानेसुमारींत धर्मानें यहुदी सुमारे ३,५४,००० होते, त्यांपैकीं निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे १,८१,०००, यांनीं आपली राष्ट्रजातिहि यहुदी म्हणून नोंदविली. येथें जुनें तिपेडी स्वत्व नव्या राज्यांत थोडेंबहुत पुन्हां वळतां आलें, आणि याचें कारण हेंच कीं तें राज्यहि अनेक लोकांचें होतें. हा निष्कर्ष रोझेनब्लिट यांचाच आहे, व तो अचूक आहे.

६

आतां उणिवा. पहिली अशी कीं हंगेरी या ग्रंथांत नाहीं. तेथें सुमारे नऊ लाख यहुदी होते. परंतु राज्याचें धोरण मग्यार करण्याचें असल्यानें तेथें तीन पेडांऐवजीं दोनच होते. हा भाग जोडला असता तर एकाच राजाच्या दोन राज्यांत सिद्धान्ताची पारख आपोआप झाली असती. दुसरी अशी कीं ग्रंथाचा तोल व्हिएन्ना, बोहेमिया व मोरेव्हिया यांकडे झुकलेला आहे. दोनतृतीयांश यहुदी ज्या गॅलिशियांत राहत, तेथील आठवडी बाजाराचा, प्रार्थनागृहाचा, यिडिश बोलणारा माणूस यांत स्वतः क्वचितच बोलतो. बहुधा त्याच्याविषयीं इतर बोलतात.

तिसरी उणीव नंतरच्या संशोधनामुळें उघड झाली. जेरेमी किंग यांनीं २००२ सालीं, तारा झाहरा यांनीं २००८ सालीं आणि पीटर जड्सन यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून असें दिसून आलें कीं या साम्राज्यांत जर्मन व चेक म्हणविणारे असंख्य सामान्य लोकहि एका राष्ट्राच्या चौकटींत पक्के बसलेले नव्हते. दोन्ही भाषा बोलत, सोय पाहून मुलांच्या शाळा बदलीत. तसें असेल तर अनेकपेडी स्वत्व ही यहुद्यांचीच विशेष मिरास राहत नाहीं. रोझेनब्लिट यांनीं स्वतः जड्सन यांच्यासमवेत २००५ सालीं याच विषयावरील लेखसंग्रह संपादिला आहे, त्यावरून या प्रश्नाचें महत्त्व त्यांसहि मान्य आहे असें समजण्यास हरकत नाहीं. फरक, आमच्या मतें, एवढाच उरतो : इतरांना साम्राज्य मोडल्यावर एखाद्या राष्ट्राच्या घरांत शिरतां आलें, मग तें पूर्वीं त्यांचें असो वा नसो, यहुद्यांना दारांतच अडविण्यांत आलें. हा फरक स्वभावाचा नसून परिस्थितीचा आहे, व म्हणूनच तो अधिक विचारार्ह आहे.

या विषयाचा आमच्या भूमीशीं संबंध दूरचा असला तरी एक धागा संग्राहकांच्या उपयोगाचा आहे. १९११ सालीं मोरित्झ फ्र्यूलिंग यांनीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यांत व आरमारांत सेवा केलेल्या यहुदी वंशाच्या अधिकाऱ्यांचा चरित्रकोश प्रसिद्ध केला. त्यापूर्वींच, १८९७ सालीं, आमच्या कोंकणांतील मराठीभाषी बेने इस्राएल समाजाचे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास लिहून पुरा केला होता. तो १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. त्यांतहि इंग्रज सरकारच्या पलटणींत मान मिळविलेल्या आपल्या अधिकाऱ्यांस केहिमकरांनीं आवर्जून जागा दिली आहे. एक यादी डॅन्यूबकांठची, एक कोंकणकिनाऱ्याची. दोन्ही लेखकांस एकमेकांची वार्ता असण्याचें कारण नाहीं. तरी दोघांनीं एकच काम केलें : मोठ्या साम्राज्यांतील लहान समाजाची सेवा कोणी विचारण्यापूर्वींच लिहून ठेवली. आमच्या प्रांतांत या समाजाचीं जीं घराणीं आहेत त्यांच्याकडील पलटणीचे दाखले, पेन्शनचे कागद व घरगुती मराठी पत्रें यांची नकल होणें म्हणूनच अगत्याचें आहे. छापील यादीपेक्षां पेटींतलें पत्र खरें बोलतें.

त्या दृष्टीनें युद्धकाळांतील एक साधा कागद आम्हांस फार बोलका वाटतो. १९१६ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यांत शिपायांस घरीं पाठविण्यासाठीं एक छापील पत्र निघालें. आपण निरोगी असून बरें चाललें आहे, एवढाच मजकूर त्यावर नऊ भाषांत छापलेला असे. याहून अधिक कांहीं लिहिण्याची मनाई होती. जर्मन, मग्यार, चेक, पोलिश, रुथेनियन, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएट, रुमानियन या त्या नऊ भाषा. यिडिश त्यांत नव्हती. गॅलिशियाच्या यहुदी शिपायानें आपल्या आईस खुशाली कळविली ती परक्या भाषेंतील छापील ओळीनें. तरी त्या कागदावर त्याची सही आहे, व तो लढत होता.

या निष्ठेचा मोबदला काय मिळाला हें सर्वश्रुत आहे. १९३२ सालीं व्हिएन्नांत यहुदी आघाडी-शिपायांचा संघ स्थापन झाला व आपल्या पदकांचें स्मरण देशास देऊं लागला. १९३८ च्या मार्चांत जर्मन सैन्य शहरांत शिरल्यावर संघ उरला नाहीं. आणि १९४२ पासून पदकधारी म्हाताऱ्यांस 'सवलत' म्हणून जें ठिकाण देण्यांत आलें तें तेरेझिएनश्टाटची बंदिछावणी होय. निष्ठेचें दफ्तर कितीहि काळजीपूर्वक बांधलें तरी तें वाचण्याची इच्छा नसलेल्या राज्यापुढें तें निरुपयोगी ठरतें. म्हणून या कागदांचें मोल आतां सर्वस्वीं इतिहासाच्या हातीं आहे, आणि इतिहासकारानें तरी ते पारखून वाचले पाहिजेत.

रोझेनब्लिट यांचा ग्रंथ परिश्रमपूर्वक, समतोल बुद्धीनें व विषयाविषयींच्या आस्थेनें लिहिलेला आहे. पुराव्याची प्रतवारी वाचकानें स्वतः करण्याची तयारी ठेवली, तर राजनिष्ठा व स्वत्व यांच्या संबंधावर विचार करूं इच्छिणाऱ्यास तो अवश्य वाचनीय आहे. आमच्या सभासदांनीं तो वाचावा, व वाचतांना आपल्या संग्रहांतील 'एकनिष्ठ सेवक' अशी सही असलेले कागद एकवार पुन्हां काढून पाहावे, अशी आमची शिफारस आहे.